बुरुलकानचा ढीग

डोंगराकाठच्या तालबुलाक गावात एखाद्या घरी कचरा चुकीच्या बादलीत पडला, तर त्या घरच्या बाईला आधी बुरुलकानची आठवण यायची आणि मग देवाची. बुरुलकान पन्नाशीची, अंगाने किरकोळ, पण तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की ट्रॅक्टरवाले बाप्येसुद्धा इंजिन बंद करून ऐकून घ्यायचे. नवरा रशियात बांधकामावर गेला आणि शवपेटीतून परत आला, त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. तेव्हापासून तिला गप्प करू शकेल असं एकच माणूस गावात उरलं होतं, ते म्हणजे तिचा थोरला दीर सापाराली.

गावाच्या खालच्या अंगाला एक घळ आहे. पिढ्यान् पिढ्या गावाने आपली घाण तिथे ढकलली. जुनी पिढी राख आणि हाडं टाकायची, नव्या पिढीने त्यात पिशव्या, बाटल्या आणि पोरांचे लंगोट घातले. वसंतात बर्फ वितळलं की हे सगळं खालच्या पाटात उतरायचं, आणि त्याच पाटाचं पाणी गाव चहाला घ्यायचं. मग शहरातून एका संस्थेची माणसं आली आणि शाळेत शिबिर भरलं. बायका गेल्या त्या चहा आणि मिठाईसाठी. मिठाई संपल्यावर बऱ्याचशा उठून आल्या, बुरुलकान शेवटपर्यंत बसली. तिला शाळेत कुणी कधी पुढच्या बाकावर बसवलं नव्हतं. इथे ती पुढे बसली आणि प्रश्न विचारून विचारून तिने शिकवणाऱ्यांना घाम फोडला.

शिबिरात शिकवलेल्या शेतीचं जे लांबलचक परदेशी नाव होतं ते गावात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. लोक 'बुरुलकानची शेती' म्हणू लागले. उतारावर आडवे चर खणायचे, म्हणजे पाणी पळून जात नाही. उघडी जमीन गवताने झाकायची. राख वेगळी, प्लास्टिक पोत्यात, शिळी रोटी खिळ्यावर टांगलेल्या पिशवीत, कारण रोटी कचऱ्यात टाकायची तिथे कुणाची छाती होत नाही. उरलेलं सगळं ढिगावर. "घरातून निघालं ते कचरा नव्हे. जमिनीकडून आलं, जमिनीला परत द्या," हे तिने इतक्यांदा सांगितलं की पोरं तिच्या नकला करायची, कंबरेवर हात ठेवून.

गावातले पुरुष आधी फिदीफिदी हसले. विधवेला शेणाचा नाद लागला म्हणाले. तेव्हा सापाराली दाताळं घेऊन आला आणि आपल्या गोठ्यामागची जागा त्याने गावच्या ढिगासाठी मोकळी करून दिली. भाऊ गेल्यापासून तो असाच होता. तिच्या घराचं छत त्यानेच शाकारलं, थंडीचं सरपण त्यानेच आणून टाकलं, आणि उपकार केल्याचा आव कधी आणला नाही. ती त्याला बाइके म्हणायची, म्हणजे दादा. त्याचं नाव तिने कधी उच्चारलं नव्हतं. सुनेने, म्हणजे केलिनने, सासरच्या थोरल्या पुरुषांचं नाव घ्यायचं नाही ही तिथली रीत, आणि नावाजवळ जाणारा शब्दही टाळायचा. सापार म्हणजे प्रवास. म्हणून बुरुलकान लग्न झाल्यापासून प्रवासाला 'रस्त्याला जाणं' म्हणत आली होती. बाकी सगळ्या बाबतीत फटकळ असलेली ही बाई एवढ्या एका गोष्टीत लाजाळू होती.

दोन वर्षांत घळ रिकामी झाली. ढीग मात्र लांबच लांब वाढला. ताजं एका टोकाला टाकायचं आणि पिकलेलं खत दुसऱ्या टोकाने काढायचं, अशी पद्धत. त्या शरद ऋतूत पाऊस रुसला. गुरं डोंगरावरच्या उन्हाळी कुरणांतून धुळीने माखून परत आली, आणि ढीग वाळून भुसभुशीत झाला. बुरुलकान दारोदार ओरडत फिरली. "कोरडा ढीग म्हणजे मेलेला ढीग! हात धुतलेलं, भांडी विसळलेलं, जे पाणी असेल ते आणून ओता. बर्फ पडायच्या आत लसूण लावायचाय. शनिवारी आशार आहे, लक्षात ठेवा." आशार म्हणजे सगळ्या गावाने मिळून करायचं काम. मग ती शेजारच्या गावी शिकवायला गेली.

ती नसताना सापारालीच्या करड्या गाईने सकाळी वैरणीला तोंड लावलं नाही. थरथरत उभी राहिली, दुपारी गुडघ्यांवर बसली. सापारालीने सुरी काढली. जनावर आपल्या मरणाने मेलं तर ते हराम, आणि श्वास चालू असताना देवाचं नाव घेऊन सुरी फिरवली तर हिवाळ्याचं अन्न. हे तिथे प्रत्येक बाप मुलाला शिकवतो. त्या घाईत जनावराला झालंय काय, हे कुणी विचारत नाही. ते अजून जिवंत आहे ना, एवढंच पाहतात. शेजारी धावून आले, कातडं सोललं, वाटे पडले. संध्याकाळपर्यंत घराघरांत कढया चढल्या.

बुरुलकान परतली तेव्हा तिच्या दाराच्या कडीला फडक्यात बांधलेला वाटा लटकत होता, चांगला छातीकडचा. ती आभार मानायला गेली. सापाराली अंगणात सुरीला धार लावत बसला होता.

"केलिन, गाय गेली. पण तुझी शिकवण वाया नाही गेली बरं का," तो हसून म्हणाला. "रक्त, पोटातलं शेण, सगळं ढिगात. थेंब वाया घालवला नाही. आणि अंगण धुतलेलं पाणी बादल्याबादल्यांनी पार या टोकापासून त्या टोकापर्यंत शिंपडलं. तहानलाय म्हणत होतीस ना?"

त्यात त्याचंही एक समाधान होतं. कापलेल्या जनावराचं रक्त कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून खड्ड्यात पुरतात, आणि ढिगावर कोण पाय देणार?

"बाइके, माझ्या सगळ्या शिष्यांत तुम्ही पहिले," बुरुलकान म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला होता.

सापारालीची बायको सोनुनबू चुलीपाशी होती. ती म्हणाली, "रक्त मात्र थिजलंच नाही गं. बादलीत तसंच पातळ, काळं. असं कधी बघितलं नव्हतं."

बुरुलकानने ऐकलं आणि सोडून दिलं. कौतुक करायला आलेल्या माणसाचे कान थोडे बंदच असतात. त्या रात्री तिने ते मांस उकडलं, रस्सा प्यायली आणि शांत झोपली.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी घळीवर गिधाडं फिरताना दिसली. घळ तर रिकामी होती. कुणी पुन्हा कचरा टाकला असेल तर त्याची खरडपट्टी काढायची, असं मनाशी घोकत बुरुलकान उतरली. खाली एक मेंढी पडली होती, पोट टम्म फुगलेलं, पाय मात्र ताठ झालेले नाहीत, आणि नाकातून काळं पातळ रक्त ओघळून दगडावर आलेलं. ते अजूनही गोठलं नव्हतं. तिने कान पाहिला. प्रत्येक घराची कानाला पाडायची खाच वेगळी असते. ही खाच तिच्या सासरची होती. तिच्या स्वतःच्या शेळीच्या कानाला तीच होती.

ती तिथेच उभी राहिली. मेंढीला हात लावायला वाकली होती, तो हात तिने मागे घेतला. लहानपणी सामुदायिक शेताच्या गोठ्यामागे पुरुषांनी टायर रचून पेटवलेली आग तिला आठवली. त्या काळ्या धुराच्या अलीकडे आई उभी होती, गोठ्यात दूध काढणारी, आणि आईच्या मनगटावर एक काळी खपली होती. "दुखत नाही गं, जराही दुखत नाही," आई सारखी म्हणत होती, आणि ते ऐकून डॉक्टरचा चेहरा उतरत चालला होता. त्या रोगाला कुयदुरगु म्हणतात, म्हणजे जाळणारा; जनावरावरून माणसाला होणारी काळपुळी. आई वाचली. तिच्या शेजारी दूध काढणारी बाई वाचली नाही.

ती तडक दिराच्या अंगणात गेली तेव्हा सापाराली ओट्यावर चहा पीत होता. उजव्या हाताचं बोट चिंधीत गुंडाळलेलं होतं.

"बाइके, बोटाला काय झालं?"

"कोळी चावला असेल. आधी खाजलं, मग फोड आला."

"उघडा बघू."

"अगं, एवढं काय त्यात..."

"उघडा म्हणते ना!" दिराशी या आवाजात ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली. त्याने निमूट चिंधी सोडली. फोडाच्या मध्ये काळी खपली होती, आणि भोवती हात मनगटापर्यंत सुजलेला.

"दुखतं?"

"नाही ना. तेच तर म्हणतोय, काही नाही ते."

बुरुलकान ओट्याच्या कडेवर बसली. "मेंढी तुम्हीच घळीत टाकलीत," ती म्हणाली.

सापारालीने चहाचा कप खाली ठेवला. त्यालाही कळलं होतं. मेंढी मेली त्या पहाटेच कळलं असणार, नाहीतर त्याने ती अंधारात ओढत नेली नसती. "केलिन," तो हळू म्हणाला, "सगळ्या गावाच्या पोटात माझी गाय आहे. आता काय सांगू लोकांना? सापारालीने गावाला विष घातलं म्हणतील. माझ्या पोरांच्या पोरांना लोक तेच ऐकवतील. तू शनिवारी एवढंच सांग की ढीग अजून पिकला नाही. मी आशार टळला की शांतपणे सगळं उकरून पुरतो. मग दवाखान्यात जातो, शप्पथ."

"आज जा. आत्ताच."

"डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारेल? जनावर कुठलं, मांस कुठं गेलं. शनिवार होऊ दे."

ती हो म्हणाली. इथे बुरुलकान चुकली, आणि हे तिच्या तोंडावरसुद्धा सांगायला हवं. छत शाकारणाऱ्या हाताकडे पाहून ती हो म्हणाली, गाव तिच्या डोळ्यांपुढून क्षणभर बाजूला झालं. घरी येऊन तिने साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि कोपरापर्यंत चोळून बघितले. नंतरचे दोन दिवस ती रस्त्याने जाताना दिसेल त्याच्या हातांकडेच पाहत राहिली. कुणी कपाळाला हात लावला, कुणी मान खाजवली, तरी ती थांबून त्याची बोटं न्याहाळायची.

शनिवारी गाव बादल्या, पोती आणि हातगाड्या घेऊन आलं. थंडी पडली होती, सगळे मजेत होते. बुरुलकान ढिगापुढे हात पसरून उभी राहिली.

"ढीग पिकला नाही. वसंतात बघू. घरी जा."

आधी लोक हसले. मग कुजबुज सुरू झाली. शेजारची जुपार पुढे आली, तरुण पोर, बुरुलकानच्याच हाताखाली सगळं शिकलेली आणि जिभेनेही तिच्यावरच गेलेली. तिने ढिगात हात घातला आणि ओंजळ नाकाशी धरली. बुरुलकानला ती एजे, म्हणजे ताई, म्हणायची.

"एजे, अक्रोडाच्या रानासारखा वास येतोय की. असा वास आला की पिकला, हे कुणी शिकवलं आम्हाला? मी शिकवलं?"

"ते खाली टाक, जुपार."

"का टाकू? दोन वर्षं आमची सालपटं गोड लागली तुम्हाला. आता सोनं झालं तर सासरच्यांसाठी झाकून ठेवताय होय?"

"असंच असतं, घरचं ते घरचं," मागून कुणी तरी म्हणालं. एकाने हातगाडी पुढे ढकलली. दोघींनी फावडी उचलली. काळी भुसभुशीत माती हवेत उडाली आणि जुपारने पुन्हा ओंजळ नाकाशी नेली. बुरुलकानने तिच्या हातावर असा फटका मारला की माती उडून सगळीकडे विखुरली.

"कुयदुरगु आहे त्यात!" ती किंचाळली. "आजारी जनावराचं रक्त आहे! हात लावू नका, मागे व्हा सगळे!"

फावडी थांबली. कुणाला ते पटेना. नर्स तुर्सुनाय घोळक्यात होती, आपलं पोतं घेऊन लसणासाठीच आलेली. तिने पोतं खाली टाकलं आणि फोन काढला. "एजे, नीट सांगा. कुणाचं जनावर?"

"बाइकेची गाय."

"गावात बाइके शंभर आहेत. मला वर कळवायचंय. मालकाचं नाव सांगा."

सापाराली गोठ्याच्या दारात उभा होता, उजवा हात बाहीच्या आत ओढून घेतलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान अगदी जराशी हलवली, नको म्हणून. बुरुलकानने नजर फिरवली. आजूबाजूला बादल्या घेतलेली पोरं उभी होती.

"सापाराली," ती म्हणाली. "सापाराली, कुबान्चचा मुलगा."

बायकांच्या तोंडून एकदम 'अगं बाई' निघालं. रोगाच्या नावाने हबकल्या नव्हत्या तेवढ्या त्या या नावाने हबकल्या. दिराबरोबर मेलेल्या सासऱ्याचंही नाव तिने घेतलं होतं. सोनुनबूने तोंडावर रुमाल ओढला. मग सापारालीने बाहीतून हात बाहेर काढला. तो कोपरापर्यंत सुजून फुटायला आला होता. एकेकाने आपापले तळहात वर करून पाहायला सुरुवात केली.

पुढचं सगळं भराभर झालं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, रस्ता बंद झाला, गुरांना सुया टोचल्या, माणसांना गोळ्या दिल्या. घराघरातून खारवलेलं मांस गोळा झालं. ढिगावर चुना ओतला, टायर रचले, पेट्रोल टाकलं. दोन वर्षांची मेहनत काळा धूर होऊन वर गेली आणि गाव दारं लावून बसलं. जनावरांच्या डॉक्टरला बुरुलकानने विचारलं, ढीग आतून इतका तापतो, त्या उबेने हा रोग मरत नाही का? तो म्हणाला, "आगीने मरतो, उबेने नाही. आणि एकदा मातीत मुरला की आज पाळण्यात असलेली पोरं म्हातारी होतील, तरी तो तिथेच असेल."

त्यानंतर बुरुलकान प्रत्येक दारात गेली. शनिवारच्या आधी कुणी ढिगातलं काही नेलं होतं का? रागावणार नाही, फक्त सांगा. सगळ्यांनी नाही म्हटलं. काहींनी दार न उघडताच म्हटलं.

सापाराली जगला. बोट गेलं. तालुक्याच्या दवाखान्यातून परतल्यावर त्याने तिच्या घराकडे मान वळवली नाही, आणि त्या हिवाळ्यात सरपण आलं नाही. सोनुनबू तिला रस्त्यात पाहून बाजू बदलायची. नर्स तुर्सुनाय म्हणाली, "एजे, तुमच्यामुळे गाव वाचलं." पण ते म्हणायला ती एकटीच होती. बाकीच्यांच्या लेखी बुरुलकानने गावाला विष कालवायला शिकवलं आणि मग कालवणाऱ्याचं नाव घेतलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून तिला भांडताही येईना. लोक पुन्हा घळीत कचरा टाकू लागले. ती खिडकीतून बघायची आणि गप्प बसायची. जी बाई गप्प बसणं जाणतच नव्हती, ती आता दिवसेंदिवस कुणाशी बोलत नव्हती.

बर्फ वितळलं. एका सकाळी फाटक वाजलं. जुपार उभी होती, कडेवर वर्षा-दीड वर्षाची मुलगी, हातात कोवळ्या लसणाच्या पातीची जाडजूड जुडी.

"एजे, किती दिवस रुसून बसायचं? मीच जास्त बोलले त्या दिवशी. घ्या."

बुरुलकानच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हिवाळाभर कुणी तिच्या दारात काही घेऊन आलं नव्हतं. दिलेलं अन्न परत करत नाहीत. तिने दोन्ही हात पुढे करून जुडी घेतली. पात बोटाएवढी जाड होती, हिरवी गर्द. मुळांना ओली माती तशीच होती. गावात बाकी सगळ्यांचा लसूण यंदा पिवळा पडून खुरटला होता, तिचा स्वतःचासुद्धा.

"कुठल्या वाफ्यातला गं हा?"

जुपार लाजून हसली. "आता सांगायला काय हरकत? आदल्या दिवशीच मी दोन बादल्या नेल्या होत्या. रांगेत मिळेल न मिळेल म्हणून. मग तुम्ही एवढं ओरडलात, चोर म्हणतील म्हणून भीतीने बोललेच नाही. पण बघा ना, काही झालं का? सगळ्या गावात असा लसूण नाही. आणि ही तर दिवसभर त्याच वाफ्यात बसलेली असते चमचा घेऊन. उठवली की रडते."

मुलगी आईच्या खांद्यावर डोकं टेकून बुरुलकानकडे पाहत होती. तिच्या तोंडाभोवती माती सुकलेली होती.

बुरुलकानने जुडी हळूच ओट्यावर ठेवली.

"तिची बाही वर कर, जुपार," ती म्हणाली. "मला तिचे हात दाखव."